त्रेचाळीस ओळी प्रश्नचिन्हांच्या

रेवा आणि अर्णव,

हे तुमच्या दोघांसाठी आहे, पण छापलं जातंय नाशिकच्या एका दिवाळी अंकात. व्हॉट्सअ‍ॅपवर मी चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं की तुम्ही एक अंगठा पाठवता आणि पुढे जाता. अंक मात्र तुमची आई दरवर्षी पोस्टाने मागवते. ऑकलंडला पोचायला तो महिना घेतो, आणि इतका प्रवास करून आलेली वस्तू न वाचता ठेवायची तुम्हाला लाज वाटेल अशी माझी आशा आहे.

आत्ताच का, तर रेवा, गेल्या महिन्यात तू व्हिडिओ कॉलवर म्हणालीस, "आजी, आज कॉलेजात जावाच्या वर्गात एक अख्खा तास अक्षरांच्या एन्कोडिंगवर गेला. इतकं बोअर. ते तर आता सगळं आपोआप होतं." तेव्हा माझं गॅसवर दूध होतं. ते उतरवून आले तोवर तू फोन अर्णवकडे दिला होतास आणि अर्णवला क्रिकेटबद्दल बोलायचं होतं. तेव्हापासून माझं उत्तर आत उसळतंय. बोअर काय म्हणतेस? माझ्या सगळ्या नोकरीत माझं काळीज सर्वांत जोरात धडधडलं ते याच एका विषयामुळे, आणि ते पेठच्या एका पत्र्याच्या खोलीत, मंगळवारी दुपारी तीन वाजता.

मी एकतीस वर्षं संगणकाच्या कामात काढली. शेवटची सोळा वर्षं गंगापूर रोडवरच्या एका लहानशा कंपनीत, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ती सगळी वर्षं सांगत बसत नाही. एकच आठवडा सांगते. पण त्याआधी अर्णवसाठी, आणि अंक वाचणाऱ्या माझ्या भिशीतल्या मैत्रिणींसाठी, धंद्याची दोन अक्षरं सांगायला हवीत.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला आकडा ठरवून दिलेला असतो आणि त्याच्या याद्या असतात. एक जुनी यादी आहे, पश्चिम युरोपातल्या भाषांपुरती. तिला लॅटिन-वन म्हणतात. तिच्यात एका अक्षराला एकच घर, म्हणजे एक बाइट. दुसरी यादी यूटीएफ-८, जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो आणि आपल्या 'स'ला तीन लागतात. इंग्रजी अक्षरांचे आकडे दोन्ही याद्यांत अगदी सारखे आहेत. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नव्हतं.

तुम्ही पडद्यावरच्या फॉर्ममध्ये 'स' लिहिता. ब्राउझर त्याचे तीन बाइट पाठवतो. पलीकडे जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेला कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या मागण्या पुरवणाऱ्या मशीनवर, बसलेला असतो. हे बाइट कुठल्या यादीतले आहेत ते त्याला कुणी सांगितलेलं नसेल, तर जुन्या पद्धतीचा सर्व्हर सवयीने लॅटिन-वन उघडतो आणि त्या तीन बाइटांची तीन वेगळी अक्षरं वाचतो. 'स'चं होतं à¤¸.

विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या गोदामाचा कार्यक्रम आम्ही दुसऱ्या मशीनवर हलवला आणि गेटपासवर त्यांचं नाव असंच उमटू लागलं. अण्णांचा फोन आला.

"मॅडम, गेटपासवर माझं नाव फ्रेंचमध्ये यायला लागलंय."

"फ्रेंच नाही अण्णा, बिघडलंय ते. उद्या सकाळी दुरुस्त करते."

"राहू द्या की. काल दुबईचा माणूस आला होता, बघून गार पडला."

चार दिवस त्यांनी दुरुस्त करू दिलं नाही. पाचव्या दिवशी त्यांच्याच गेटवर नवा वॉचमन आला आणि त्याने त्यांचेच तीन ट्रक अडवले, कारण पासवर कुणाचं नाव आहे ते त्याला वाचता येईना. मग फ्रेंच गेलं.

अण्णांचं नाव परत आणणं सोपं होतं, कारण ते हरवलंच नव्हतं. चुकीच्या यादीने वाचलेली अक्षरं पुन्हा त्याच यादीने बाइटांत उलगडायची आणि तेच बाइट यूटीएफ-८ म्हणून नव्याने वाचायचे. जावात हे एका ओळीचं काम. आपल्याकडचे अर्धे प्रोग्रॅमर ही ओळ पाठ करून ठेवतात आणि मराठी बिघडलं की चिकटवतात.

आता हीच ओळ आधीच बरोबर असलेल्या नावावर चालवली तर? कार्यक्रम 'स' घेऊन लॅटिन-वनकडे जातो. तिथे 'स'ला घरच नाही. मग तो त्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतो आणि पुढे सरकतो. 'सुमन'ची उकारासकट चार प्रश्नचिन्हं होतात आणि ती उलगडून काही मिळत नाही. म्हणून ऑफिसात कुणी ओरडलं की "मॅडम, कचरा दिसतोय," तर मी सावकाश चहा संपवून जायचे. "प्रश्नचिन्हं दिसतायत" म्हटलं की चहा तसाच राहायचा.

मी निवृत्त व्हायच्या चार वर्षं आधी आमच्याकडे एका संस्थेचं काम आलं. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या मुलींसाठी ही संस्था नाशिकला राहून शिकायचा परिचारिकेचा अभ्यासक्रम चालवायची. राहणं, जेवण, शिक्षण सगळं संस्थेचं. पेठच्या केंद्रावर मुली येऊन नाव नोंदवायच्या. मग रविवारी निवड परीक्षा, आणि परीक्षेचा निरोप गावातल्या आशा-सेविकेमार्फत नावानिशी घरी जायचा. निरोप गेला नाही तर मुलगी यायची नाही, आणि ते वर्ष गेलं की बहुतेकींचं लग्न ठरायचं.

कार्यक्रम दुसऱ्याच कुणी लिहिला होता. उघडून पाहिला तर ती पाठ केलेली ओळ जिकडे तिकडे चिकटवलेली. तुम्हाला माझ्या स्वयंपाकघरातले डबे ठाऊक आहेत. हळदीच्या डब्यात हळदच असते आणि झाकणावर तारीख असते. मला ते पाहवेना. मी ठरवलं, हे मुळापासून नीट करायचं.

सर्व्हरमध्ये मजकूर दोन दारांनी येतो. फॉर्म भरून 'साठवा' दाबलं की मजकूर बंद पाकिटासारखा आतून येतो. काही शोधलं की शोधलेला शब्द पत्त्याच्या ओळीत, उघड्यावर, पोस्टकार्डासारखा येतो. पहिल्या दारावर मी एक पहारेकरी उभा केला. त्याला फिल्टर म्हणतात. तो सगळ्यांच्या आधी सर्व्हरला सांगतो की हा मजकूर यूटीएफ-८ आहे. आधी सांगणं फार महत्त्वाचं, कारण कुणी एक शब्द जरी वाचून टाकला की नंतर सांगून उपयोग नसतो. दुसऱ्या दाराची सोय सर्व्हरच्याच मांडणीत एका शब्दाने होते, तीही केली. आता त्या चिकटवलेल्या ओळींची गरज नव्हती, उलट त्या राहिल्या असत्या तर घात झाला असता. म्हणून लॅटिन-वनचं जावातलं अधिकृत नाव, आयएसओ-८८५९-१, मी सगळ्या फायलींत शोधलं आणि एकूण एक ओळ काढून टाकली.

एका फाइलीत मात्र कुणीतरी त्या यादीला टोपणनावाने हाक मारली होती, नुसतं ८८५९_१. जावाला दोन्ही नावं चालतात. माझ्या शोधाला ते सापडलं नाही. आणि ती फाइल होती नव्या मुलीचं नाव साठवणारी.

मग मी तपासलं का? तपासलं तर. जुन्या मुलींची नावं शोधून पाहिली, मराठी आरशासारखं स्वच्छ. मग एक नवी नोंद केली. नाव टाकलं टेस्ट टेस्ट, इंग्रजी अक्षरांत. गाव एबीसी. साठवलं, उघडलं, जसंच्या तसं दिसलं. मी फायलीवर बरोबरची खूण केली आणि शुक्रवारी पाच वाजता घरी आले.

कार्यक्रम मराठी, तो वापरणारी बाई मराठी, आमचं ऑफिस अख्खं मराठी बोलणारं, आणि आमच्यापैकी एकानेही कधी चाचणीत मराठी नाव टाकलं नव्हतं. कळफलक मराठीवर न्यायला दोन बटणं जास्त दाबावी लागतात, एवढंच कारण. मी तर कॉन्व्हेंटची. माझी बोटं इंग्रजीतच वळलेली. इंग्रजी अक्षरं दोन्ही याद्यांत सारखी असतात, त्यामुळे टेस्ट टेस्ट कुठल्याही चुकीतून सहीसलामत बाहेर येतं.

शनिवारी त्या वर्षीची नोंदणी सुरू झाली आणि सकाळीच पेठच्या केंद्रावरून फोन आला. तिथे जयवंता भोये नावाची बाई नोंदणी करायची. चाळिशीची, पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होती आणि टायपिंग स्वतःच शिकली होती.

"मॅडम, नाव टाकलं. साठवलं म्हणतंय. पर शोधलं तर नाय भेटत."

मी म्हटलं, "नेट स्लो असेल. थोड्या वेळाने बघा."

सोमवारी पुन्हा तिचाच फोन. "मॅडम, शनवारची बी नाय भेटत, आजची बी नाय. जुन्या पोरी भेटतात."

इथे मला थांबायला हवं होतं. जुन्या मिळतात आणि नव्या मिळत नाहीत, यात सगळं निदान होतं. मी काय म्हणाले ते लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. म्हटलं, "जयवंताबाई, टाइप करताना तुमचं एखादं अक्षर इकडेतिकडे होत असेल. नीट बघून टाका."

ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी नदीमने मला हाक मारली. नदीम आमचा डेटाबेस, म्हणजे साठवलेल्या नोंदींचे तक्ते, सांभाळायचा. मालेगावचा, घरचे यंत्रमाग, तीन भावांतला हा एकटा संगणकात आलेला. कधी आवाज चढवणार नाही असा माणूस.

"मॅडम, जरा इकडे या. ये देखो."

पडद्यावर तक्ता होता. वरच्या ओळींत मराठी नावं. शनिवारपासून खाली नाव, वडलांचं नाव, आडनाव आणि गाव या सगळ्या रकान्यांत नुसती प्रश्नचिन्हं. त्रेचाळीस ओळी. वय शाबूत होतं, कारण ते आकड्यात. तालुका शाबूत होता, कारण तो यादीतून निवडायचा. बाकी सगळं गेलेलं.

मी खुर्चीवर बसले. नदीमने न विचारता पाणी आणून दिलं.

"कागदी फॉर्म असतील ना?" तो म्हणाला.

नव्हते. ती माझीच कल्पना होती. मीच संस्थेला सांगितलं होतं की कागद कशाला, थेट पडद्यावर भरा. मुलीला जयवंता फक्त नोंदणीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायची. फोन नंबराची चौकट बहुतेकींची रिकामी, कारण पाड्यांवर रेंज नाही. जे सहा-सात नंबर होते ते गावातल्या कुणाकुणाचे, आणि ती माणसं द्राक्षांच्या छाटणीला निफाड-दिंडोरीकडे गेलेली.

संस्थेच्या सचिवांना मी स्वतः फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, उद्या संध्याकाळपर्यंत निरोप निघाले पाहिजेत. काय लिहू त्यावर? कुमारी प्रश्नचिन्ह, मुक्काम प्रश्नचिन्ह?" मग त्यांनी विचारलं, "पेठच्या बाईंनी काही गोंधळ केलाय का?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी दोनदा कळवलं होतं. मी ऐकलं नाही. चूक सर्वस्वी माझी आहे."

ती उरलेली एक ओळ मी दहा मिनिटांत शोधून पुसली आणि गाडी काढून पेठला गेले. जयवंताला आठवतील तितकी नावं लिहून घ्यायची, एवढाच विचार होता.

केंद्र म्हणजे बाजारपेठेमागची पत्र्याची खोली. जयवंताने मला दारात पाहिलं.

"या मॅडम. रस्ता स्लो व्हता का?"

मी म्हटलं, "जयवंताबाई, चूक माझी होती. तुमचं टायपिंग बरोबर होतं. मी तुम्हाला उगाच बोलले."

तिने स्टुलावरचा रेडिओ उचलून खाली ठेवला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी तिला सगळं सांगितलं. ती डोळे मिटून नावं आठवू लागली. चौदा आठवली. पंधराव्यापाशी अडकली.

"त्रेचाळीस पोरी कशा याद राहतील मॅडम? त्यात निम्म्या भोये नायतर गावित. तरी बरं, एकेकीचं नाव मी तीन-तीन बार टाकलं."

"तीन वेळा कुठे टाकलं? नोंद तर एकेकदाच आहे."

"नोंद एकदाच. मंग शोधते ना. माझी रीतच हाय तशी. पोरगी समोर बसलेली अस्ते. तिचं नाव काचेवर तिला दाखवल्याबिगर मी उठू देत नाय. काही जणींनी आपलं नाव छापलेलं कधी बघितलेलंच नस्तं. ते नाय भेटलं की मी परत टाकते, परत शोधते. तुमीच म्हणलात ना, नीट बघून टाक."

"शोधता म्हणजे वरच्या चौकटीत? नाव आणि गाव दोन्ही लिहून?"

"दोन्ही. नावं सारखीच असतात, गाव नको का?"

रेवा, इथे माझं काळीज धडधडायला लागलं.

शोध येतो दुसऱ्या दाराने, पोस्टकार्डाच्या. आणि सर्व्हर दारावर एक वही ठेवतो. आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ तो त्यात लिहितो: किती वाजता, कुठून, कुठला पत्ता. पाकिटातला मजकूर तो त्यात लिहीत नाही. पण पत्त्याच्या ओळीत जे असेल ते जसंच्या तसं उतरवून घेतो. तिथे 'स' असतो टक्क्याच्या खुणा लावलेल्या तीन आकड्यांच्या रूपात, %E0%A4%B8 असा; संगणकाच्या या आकड्यांत A, B, E हीसुद्धा चालतात. कुठलीही यादी न लावता लिहिलेला. त्याला अजून कुणी वाचलेलंच नसतं, त्यामुळे कुणी बिघडवलेलंही नसतं.

मी नदीमला फोन लावला.

"नदीम, सर्व्हरची नोंदवही उघड. शनिवारची."

"मॅडम, शनिवारची..." तो घुटमळला. "तीन दिवसांनी जुनी फाइल पुसायची, असं आपणच लावलंय ना. डिस्क साफ राहावी म्हणून."

आपणच म्हणजे मीच. हेही माझ्या टापटिपीचं काम. रोज संध्याकाळी पाच वाजता तो झाडू फिरायचा. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"आहे का अजून?"

पलीकडे बटणांचा आवाज. मग नदीम म्हणाला, "है, मॅडम. सब यहीं पडा है." आणि त्याने पहिली ओळ उलगडून वाचली, "मंजुळा सोमा गावित."

फोन स्पीकरवर होता. जयवंता म्हणाली, "तीच पयली आली व्हती. तिला शिंका येत व्हत्या."

आता कुठली ओळ कुणाची ते जुळवायचं होतं. नाव कुणाचं आणि वय कुणाचं याची सरमिसळ झाली असती तर परीक्षेला आलेली मुलगी दारातच अडली असती. सोपं वाटत होतं. नोंद साठवल्याची वेळ तक्त्यात आहे, शोधाची वेळ वहीत आहे, मिनिटाभराच्या अंतराने दोन्ही मिळायला हवेत. नदीमने लावून पाहिलं आणि पहिलीच जोडी चुकली. तक्त्यातल्या पहिल्या ओळीच्या वेळेला वहीत यशोदा होती. दुसरीही चुकली, तिसरीही.

"मॅडम, ये तो गडबड है," नदीम म्हणाला.

तेव्हा मला प्रश्नचिन्हं मोजायची सुचली. अक्षर गेलं होतं, पण एका अक्षराला एक चिन्ह उरलं होतं. संगणकाला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण सगळी वेगवेगळी अक्षरं. मंजुळा म्हणजे म, अनुस्वार, ज, उकार, ळ, काना, अशी सहा. सोमा चार. गावित पाच. तक्त्यातली पहिली ओळ काय होती? सहा, चार, पाच. यशोदा तर पाचच भरते, ती तिथे बसणारच नव्हती. मंजुळा वहीत सहा मिनिटं आधी सापडली. शोध साठवल्यानंतर मिनिटभराने व्हायचा, म्हणजे वहीच्या मशीनचं घड्याळ तक्त्याच्या मशीनच्या घड्याळाहून सात मिनिटं मागे होतं, आणि ते इतकी वर्षं आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नदीमने एक घड्याळ सात मिनिटं सरकवलं आणि जोड्या धडाधड लागू लागल्या.

तो नाव वाचायचा, मी चिन्हं मोजायचे, जयवंता बोटांवर पडताळायची. "लक्ष्मी पांडू भोये," नदीम म्हणाला.

"लक्ष्मीची सात," मी म्हटलं.

"सात?" जयवंता म्हणाली. "दोन अक्षरांची सात? तुमच्या मशिनीला डोळे किती हायेत?"

मी तिला ल, क, पाय मोडलेला, ष, पुन्हा पाय मोडलेला, म, वेलांटी असं मोजून दाखवलं. तिने कागदावर स्वतःचं नाव तसं फोडून पाहिलं आणि कागद घडी करून पदरात खोचला. पुढची नावं ती माझ्या आधी मोजू लागली. साडेपाच वाजेपर्यंत आम्ही बेचाळीस नावं लावली. मधेच पाच वाजायच्या आत नदीमने तो झाडू बंद केला आणि वहीच्या चार प्रती काढून चार ठिकाणी ठेवल्या. "मेरी अम्मी के जेवर भी इतनी जगह नहीं रखे," असं त्याने मला नंतर सांगितलं.

एक नाव लागलं नाही. सदतिसावी ओळ. सोमवारी दुपारी ती नोंद झाली आणि वहीत तिच्यामागे शोधाची ओळच नव्हती.

जयवंताने कपाळाला हात लावला. "लाइट गेली व्हती. साठवा दाबलं आन् लाइट गेली. पोरीला म्हणलं थांब, पर तिच्या मामाला यष्टी गाठायची व्हती. गेली ती. पिवळी ओढणी व्हती."

वय सतरा, तालुका सुरगाणा. नावात पाच चिन्हं, वडलांच्या नावात सहा, आडनावात चार. गावाच्या चिन्हांत बसणारे पाडे तर डझनावारी निघाले. "चार म्हणजे भोये असंल," जयवंता म्हणाली. "पर भोये म्हणजे निम्मा तालुका झाला."

बुधवारी बेचाळीस निरोप निघाले. त्रेचाळिसाव्यासाठी जयवंताने सुरगाण्याच्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार तो माणूस प्रत्येक थांब्यावर दारात उभा राहून विचारत होता, "सोमवारी पेठला लाइट गेली तंवा नाव नोंदवत व्हती ती पोरगी कोण हाय? तिला रविवारी नाशिकला बोलवलंय."

रविवारी मी परीक्षेच्या दाराशीच उभी राहिले. बेचाळीसपैकी एकेचाळीस आल्या, एक तापाने आली नाही. कंडक्टरचं ऐकून आणखी तीन मुली आल्या. तिघींचीही नावं पाच-सहा-चारमध्ये बसेनात, आणि विचारल्यावर तिघींनी कबूल केलं की त्यांनी नोंदणी केलीच नव्हती. सचिवांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी शिपायाला सांगितलं, "तीन बाकं अजून टाका." त्यांतली एक निवडली गेली. पिवळ्या ओढणीची मुलगी आली नाही. मी साडेबारापर्यंत फाटकात होते.

तर रेवा, आपोआप. नव्या जावात आणि नव्या सर्व्हरांत बरंचसं आपोआप होतं, ते मी मान्य करते. पण तुझ्या हातात नवं कोरं काम फार क्वचित येईल. बहुतेक वेळा कुणीतरी सोडून गेलेलं घर येईल, ज्यात तुझ्या आधीच्या माणसाने त्याच्या वेळच्या गळतीवर बोळा कोंबलेला असेल. नळ बदललास तर बोळे मोजून काढ, आणि त्यांची टोपणनावंही शोध. पान, फॉर्म, सर्व्हर, डेटाबेसपर्यंतची वाट, तक्त्याचा रकाना आणि परतीचं पान या सगळ्यांना एकच यादी सांग. मग चाचणीत स्वतःचं नाव इंग्रजीत टाकू नकोस. लक्ष्मी टाक. नदीमने आमच्या चाचणीच्या नावांत त्याच्या अम्मीचं नाव उर्दूत घातलं होतं, तेही टाक. आणि एखादी बाई दुसऱ्यांदा फोन करून तीच तक्रार सांगू लागली, तर हातातलं काम खाली ठेव.

त्या आठवड्यानंतर मी 'नोंद साठवली' हा संदेश त्या पानावरून काढून टाकला. त्याऐवजी तक्त्यात जे खरंच साठलंय ते परत वाचून, नाव आणि गाव, मोठ्या अक्षरांत पडद्यावर येतं. ते समोरच्या मुलीला दाखवून तिने हो म्हटल्यावरच पुढचं बटण उघडतं. ही जयवंताची रीत. मी फक्त ती जावात लिहिली. जयवंता आता संस्थेच्या तीन केंद्रांची नोंदणी पाहते आणि नव्या बायकांना शिकवताना नाव फोडून मोजायला लावते, असं ऐकते.

कार्यक्रम अजून चालू आहे. त्या वर्षीच्या बेचाळीस मुलींची नावं त्यात नीट आहेत. सदतिसावी ओळ कुणी पुसलेली नाही. तिच्यात नावाच्या जागी पाच प्रश्नचिन्हं, एक मोकळी जागा, सहा प्रश्नचिन्हं, एक मोकळी जागा, चार प्रश्नचिन्हं आहेत. वय सतरा. तालुका सुरगाणा.